आजीने आणला, झोपेत

ती घटना स्मरणातून जात नाही, कारण तिच्यात प्रथम मीच चुकलो होतो. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी आता पारनेरला तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझ्या हातचा कागद परत आल्याचे उदाहरण विरळच. असो.

तेव्हा मी ठाण्यात हवालदार होतो. त्या सकाळी माझ्या टेबलावर एकाच बाईसंबंधी दोन कागद होते. ती घरातच पाळणाघर चालवीत असे. कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बायकांची अकरा मुले तिच्याकडे असत. नव्या नियमांप्रमाणे नोंदणी करा, अन्यथा पाळणाघर बंद करा, अशी नोटीस तिला आलेली होती. नोंदणीसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. त्यासाठी तिने केलेला अर्ज हा पहिला कागद. दुसरा कागद म्हणजे एका आईची लेखी तक्रार: माझा दोन वर्षांचा मुलगा संध्याकाळपर्यंत पेंगतो, ही बाई त्याला गुंगीचे औषध पाजते. गुन्हा दाखल झाला असता तर दाखला अडला असता आणि पाळणाघरास कायमचे कुलूप लागले असते.

मुलास वैद्यकीय तपासणीसाठी पाठवून मी दोन पंचांसह तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. त्या मुलाची सोडून दहाही जागा भरलेल्या, आणि सगळी मुले शांत झोपलेली. माझा संशय तिथेच पक्का झाला. फडताळात बिनलेबलाची बाटली सापडली, ती मी पंचनामा करून जप्त केली. औषध कोणते, कोण आणून देते, असे मी तिला तीन वेळा फिरवून विचारले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "पोरं रडली तर शेजारी भांडायला येत्यात, झोपली तर पोलीस येत्यात. मी करू तरी काय, साहेब?"

बाटलीत तिळाचे तेल निघाले. ठाणे अंमलदारांनी झाकण उघडून वास घेतला आणि सर्वांदेखत म्हणाले, "हवालदार, डोक्याला लावा थोडं. गरज हाय."

निघताना तिने एक वही माझ्यापुढे टाकली होती. नोटिशीसोबतच्या यादीत मुलांची रोजची नोंदवही मागितलेली होती. पाळणाघरात मूल उरले नाही तरी यांना चालेल, पण वही पाहिजे, असा तिचा त्या नोटिशीवर राग होता. तरीही ती तीन आठवडे नेमाने लिहीत होती. ठाण्यात बसून मी त्या मुलाच्या नोंदी वाचल्या. 'आईने आणला, रडला.' 'आईने आणला, रडला.' मग आईची कारखान्यातली पाळी बदलली, तो आठवडा: 'आजीने आणला, झोपेत.' 'आजीने आणला, झोपेत.' म्हणजे मूल त्या दाराशी पोचण्याआधीच झोपलेले असे.

जबाबाच्या निमित्ताने मी मुलाच्या घरी गेलो. ओट्यावर सहाण होती, अजून ओली. शेजारी अर्धे झिजलेले जायफळ. बाळगुटी साधारण वर्षाच्या आत बंद होते. हे मूल तर दोन वर्षांचे. मी आवाज न चढवता आजीला विचारले, "किती वेढे उगाळता?"

"आधी दोनच हुते," ती म्हणाली. "आता सात-आठ. त्या दारात गेलं की लई रडायचं लेकरू. माझा पाय निघंना. झोपंत गेलं की त्यालाबी कळत न्हाई, मलाबी."

सून दारातच उभी होती. "आत्या, मला सांगायचं तरी," एवढेच ती बोलली आणि खाली बसली. ज्या बाईवर तिने आळ घेतला होता, तिच्याकडेच उद्या मूल ठेवून तिला कामावर जायचे होते.

डॉक्टरांनी सांगितले की जायफळ जास्त झाल्याने मूल पेंगते. बंद करा, दोन दिवसांत खेळू लागेल. हे ऐकून मला जे हायसे वाटले, ते मोठमोठ्या चोऱ्या उघडकीस आल्यावरही वाटले नव्हते. आजीस समज देण्यात आली, सुनेने तक्रार मागे घेतली. वरिष्ठांच्या सहीचा दाखला मी स्वतः पाळणाघरात नेऊन दिला.

आज पाळणाघरवाल्या बायका माझ्याकडे नोंदणीचा अर्ज लिहायला येतात, तेव्हा नियम करणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडतात. दुसरा दरवाजा कुठून काढू, कॅमेरा कशाला, असे विचारतात. त्यांचे गाऱ्हाणे मी अर्जात सविस्तर मांडतो, कारण दोन खोल्यांच्या घराला ते खरोखर जड जाते. पण आधी रोजची नोंदवही ठेवायला सांगतो. पंचनाम्यापेक्षा त्या वहीने अधिक खरे सांगितलेले मी पाहिले आहे.

दाखला द्यायला गेलो त्या सकाळी आजी नातवाला घेऊन गल्लीतून येत होती. पोराने गल्ली डोक्यावर घेतली होती. आजीचा पदर सोडेना. बाईने त्याला कडेवर घेतले, एका हाताने वहीत लिहिले आणि वही माझ्यापुढे धरली.

'आजीने आणला. जागा. लई रडला.'

"साहेब, बरोबर हाय का?" तिने विचारले.

आयुष्यभर लोकांचे कागद दुरुस्त करीत आलो, पण त्या नोंदीत मला एक अक्षरही बदलावेसे वाटले नाही.