चार वाजताची पुडी

सकाळी साडेसातला पहिला ट्रक यायच्या आधी काटेवाला केबिनमधून बाहेर पडायचा, चपला काढायचा आणि त्या लांबलचक लोखंडी काट्याच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहायचा. साठ टनांपर्यंतचे ट्रक तोलणाऱ्या काट्यावर एकटा माणूस म्हणजे ताटावर बसलेली माशी. तरी समोरच्या खांबावरच्या फलकावर लाल आकडे उजळायचे : १००.

खरं तर तो शहाण्णव किलोंचा होता. पण ट्रकच्या काट्याला दहा किलोंच्या खालचं काही कळत नाही. पंच्याण्णव ओलांडलं की तो सरळ शंभर म्हणतो, त्याच्या आत आलात की नव्वद. "एकवीस वर्षं तुझी धूळ झाडतोय," काटेवाला त्याला म्हणायचा, "आणि तू माझ्याच अंगावर चार किलो फुकटचे टाकतोस."

एका सकाळी गोदामाच्या ट्रकचा ड्रायव्हर लवकर आला आणि हा प्रकार त्याने पाहिला. ड्रायव्हरच्या मिशा एवढ्या भरघोस होत्या की सगळे त्याला मिशीवालाच म्हणत. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "काटेशेठ, गाडी भरलेली की रिकामी?"

"भरलेली. उतरवायची आहे."

"घाई काय आहे एवढी?"

"आहे," काटेवाला म्हणाला आणि चपला घालून आत गेला.

घाई ताईची होती. त्याच्या थोरल्या बहिणीचं यकृत निकामी होत चाललं होतं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हातपाय काटक्यांसारखे. तिचा आणि त्याचा रक्तगट जुळत होता. डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या यकृताचा तुकडा त्यांना देता येईल, पण तुमच्या यकृतात चरबी साठली आहे, असं यकृत आम्ही घेत नाही. वजन चौऱ्याऐंशीवर आणा, चरबी उतरली की तारीख देतो. दहा आठवडे धरा. मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले होते, "त्यांच्याकडे त्याहून फार वेळ नाही."

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील आधीच गेलेले. आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची आणि हा आठ. कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायच्या कामावर ताई लागली ती तीस वर्षांनी उठली. लग्न केलं नाही. भावाला मात्र वाढवला, शिकवला आणि खाऊ घातला. लहानपणापासून ती त्याला ढोल्या म्हणायची. एकदा ताट पुढे आलं की तळ दिसेपर्यंत तो थांबायचा नाही, आणि शेजारणींना ती कौतुकाने सांगायची, "आमच्या ढोल्याला पानात टाकणं माहीतच नाही."

आता ती त्याच्याच घरी पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर असायची.

इस्पितळातली आहारतज्ज्ञ मुलगी भराभर बोलायची. काटेवाल्याने खिशातल्या वजनाच्या पावतीच्या पाठीमागे जमेल तेवढं उतरवून घेतलं. जेवणाआधी ग्लासभर पाणी. ताटली लहान. घास वीस वेळा चावायचा. दुपारी चारला मूठभर काहीतरी, नाहीतर रात्री आठला माणूस ताटावर तुटून पडतो. जेवण झालं की लगेच दात घासायचे, म्हणजे परत काही तोंडात टाकावंसं वाटत नाही. आणि रोज वजन करायचं नाही, आठवड्यातून एकदाच, इस्पितळात.

शेवटचं सोडून त्याने सगळं पाळलं.

पहिल्या पंधरा दिवसांतच काट्याने शंभरचे नव्वद केले. त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला. मग मात्र नव्वद जे बसलं ते उठेना. इस्पितळाच्या काट्यावर त्र्याण्णव, एक्याण्णव, ब्याण्णव, नव्वद असं चालायचं. फलक आपला ढिम्म.

सगळ्यात वाईट वेळ दुपारी चारची. बिस्किटांच्या कारखान्याचे ट्रक तेव्हाच यायचे. ते काट्यावर चढले की केबिनमध्ये भाजलेल्या साखरेचा आणि लोण्याचा वास भरायचा. ड्रायव्हर खिडकीतून एखादा फुटका पुडा पुढे करायचा. एकवीस वर्षं ती रीतच होती. काटेवाला नको म्हणायचा, पावती द्यायचा, आणि ट्रक गेला तरी नाकाने त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत जायचा.

"मूठभर खाऊनही चार वाजता जीव जातो गं," एका संध्याकाळी तो ताईच्या पायाशी बसून म्हणाला.

"पाणी पितोस का?"

"पितो की. गटागट दोन ग्लास."

"तिथंच चुकतोस. गटागट प्यायलेलं पाणी पोटाला फसवत नाही. अर्ध्या तासात पोट पुन्हा ओरडतं. घोट घोट प्यायचं, मध्ये काहीतरी काम करायचं. आणि भुकेशी भांडत बसू नकोस ढोल्या, ती तुझ्यापेक्षा दांडगी आहे. तिला सांगायचं, चारला मिळेल तुला, आता जरा थांब. वेळ ठरवून दिली की थांबते ती. पण दिलेली वेळ पाळायची. एकदा जरी फसवलंस तर मग ऐकत नाही."

"तू आहारतज्ज्ञ कधी झालीस?"

"मी जुनी पदवीधर," ताई म्हणाली आणि हसता हसता तिला धाप लागली.

दुसऱ्या दिवसापासून तिने चारची जबाबदारी स्वतःकडे घेतली. काट्यावरच्या चुकलेल्या पावत्या ती त्याला आणायला सांगायची, त्याच्या बायकोकडून भाजलेले शेंगदाणे मागून घ्यायची, आणि पलंगावर बसून एकेका पावतीची पुडी बांधायची. पुडीत मोजून दोन डझन दाणे. आयुष्यभर बटणं डझनावर मोजलेली, बोटं अजून चुकत नव्हती. पुड्या बटणांच्या जुन्या पत्र्याच्या डबीत राहायच्या. "एकेक खायचा," ती बजावायची. "एक संपल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. दोन डझन दाणे पंधरा मिनिटं पुरले पाहिजेत."

"ताई, हे म्हणजे तुम्ही त्यांना पुन्हा शाळेत घातलं," त्याची बायको म्हणाली.

"तेव्हा नीट शिकला नाही ना. खाण्यातच लक्ष सगळं."

पुडी लागू पडली. चारला पुडी उघडली की काटेशेठना पंधरा मिनिटं लागतात, हे मिशीवाल्यालाही पाठ झालं. नवव्या आठवड्यात इस्पितळाच्या काट्यावर शहाऐंशी भरले. डॉक्टरांनी पोटाची तपासणी केली, पडद्यावर बोट ठेवून दाखवलं आणि प्रथमच मोकळेपणाने हसले. "चरबी जवळजवळ उतरलीय. आणखी दोन किलो. पुढच्या सोमवारी रक्त तपासतो आणि तारीख देतो."

त्या रात्री तो जेवला आणि मोरीपाशी उभा राहून दात घासू लागला. स्वयंपाकघरात बायको उरलेला भात झाकत होती. तोंडात फेस असतानाच त्याच्या डोळ्यांसमोर दुसरी एक मोरी आली. चाळीस वॅटचा दिवा, गळका नळ. जमिनीवर बसून तो दुसऱ्यांदा भात घेतोय, आणि ताई मोरीपाशी पाठमोरी उभी राहून दात घासतेय. "ताई, तू पण घे ना." "माझे दात घासून झाले रे. आता नाही खायचं."

रोज. त्याला वाटायचं, ताईला स्वच्छतेचं वेड आहे.

मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. जेवायला बसण्याआधी ताई तांब्याभर पाणी प्यायची. तिची ताटली लहान, चहाच्या बशीपेक्षा थोडी मोठी. ती म्हणायची, मला मोठ्या ताटात जेवण आवडत नाही. तिचा एक घास चावून होईपर्यंत याचे चार व्हायचे. तो चिडवायचा, "ताई, गाय आहेस तू."

त्याने चूळ भरली. पुढच्या खोलीत आला. ताई जागी होती.

"तू तेव्हा उपाशी असायचीस," तो म्हणाला.

ताईने विचारलं नाही, तेव्हा म्हणजे कधी. ती म्हणाली, "उपाशी नाही रे. कमी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जेवला असतास?"

"तुझ्या वाट्याचं खात होतो मी. वर दुसऱ्यांदा मागायचो."

"मग काय झालं? वाढायचं वय होतं तुझं. तुला जेवताना बघून माझं अर्धं पोट भरायचं." त्याचा चेहरा बघून तिने सूर बदलला. "आता एवढं मनावर घेऊ नकोस. माझाच भात खाऊन वाढलंय तुझं लिव्हर, त्यातला तुकडा तर मागतेय. ऐक नीट. मी रोज थोडं तरी खायचेच. एकदा दोन दिवस काही खाल्लं नव्हतं, तर हात थरथरायला लागले, बटणं वाकडी लागली. कमी खायचं, पण खायचं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

त्याला कळलं नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. रात्रभर त्याच्या डोक्यात एकच हिशेब : दोन किलो, सहा दिवस. ताईने माझ्यासाठी वर्षानुवर्षं काढली, मला सहा दिवस निघू नयेत? दुसऱ्या दिवशी त्याने जेवणाचा डबा मिशीवाल्याला दिला. पुडी खिशातच राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. घरी सांगायचा, आज कामावर उशिरा जेवलो, भूक नाही. फक्त पाणी. सुरुवातीला पोटात आग पडली, मग ती विझली आणि डोकं कापसासारखं हलकं झालं. त्याला वाटलं, जिंकलो.

शनिवारी सकाळी तो काट्यावर उभा राहिला आणि फलकावरचे नव्वद मिटून ८० उजळले. तो तिथेच खाली बसला. लोखंड गार होतं. त्याला रडू आलं, आणि रडताना हसूही येत होतं.

"काटेशेठ, ऐंशी!" मिशीवाला ट्रकातून ओरडला. "निम्मे तर माझ्याकडे आलेत, तुमच्या डब्यातून!"

सोमवारी इस्पितळाच्या काट्यावर ब्याऐंशी भरले. डॉक्टरांनी मात्र रक्ताचा कागद दोनदा वाचला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही जेवत नाही आहात."

काटेवाल्याने खिशातली न उघडलेली पुडी चाचपली.

"अशी एकदम उपासमार केली की उलट यकृतावरच ताण येतो. मागच्या आठवड्यात आकडे चांगले होते, आता चढलेत. या अवस्थेत मी तुम्हाला टेबलावर घेऊ शकत नाही. नीट जेवा. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू."

"मागच्या आठवड्यासारखाच राहिलो असतो तर?"

"तर आज तारीख दिली असती," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन त्याने ताईला सगळं सांगितलं. लपवायचं बळच उरलं नव्हतं. ती ऐकत राहिली.

"डबा कुणाला द्यायचास?"

"मिशीवाल्याला."

"मग आता लिव्हरपण त्याचंच बसवा म्हणावं मला. दाढीमिशी तरी येईल." तो हसला नाही, तेव्हा तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडा. मी केलं त्याची फेड करायला निघाला होतास होय? अरे, ते काही उसनं नव्हतं." मग त्याच्या बायकोला हाक मारून म्हणाली, "वाढ गं याला. आणि पावत्या दे इकडे. तीन आठवडे म्हणजे एकवीस पुड्या."

त्या संध्याकाळी तिने एकवीस पुड्या बांधल्या. मध्ये दोनदा थकून आडवी झाली, पण पुरी करूनच झोपली.

आठ दिवस तो तिने सांगितलं तसाच जेवला. नवव्या दिवशी सकाळी ताईला थंडी वाजून ताप आला. दुपारपर्यंत ती माणसं ओळखेना. पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला होता. चौथ्या दिवशी ती गेली.

व्हरांड्यात काटेवाल्याने डॉक्टरांना गाठलं. "त्या तीन आठवड्यांमुळे?"

"असा संसर्ग कधीही होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन झालं असतं तरी जगल्या असत्याच, असं नाही. उशिरामुळेच झालं असं मी म्हणणार नाही."

"मग उशिरामुळे झालं नाही असं तरी म्हणा."

डॉक्टरांनी हातातले कागद नीट लावले आणि थोडा वेळ तसेच त्याच्याजवळ उभे राहिले.

अकरा दिवसांनी काटेवाला कामावर गेला. सकाळी काट्यावर उभा राहिला नाही. घरात त्याच्यापुढे ताट यायचं आणि तसंच आत जायचं. बायकोने मोठं ताट केलं, लहान केलं, शेवटी रडली. पूर्वी भूक आवरायला किती युक्त्या लागत होत्या. आता आवरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुपारी चारला बिस्किटांचा ट्रक आला. त्याने गाडीचा नंबर टाइप केला, चुकला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. बोटं थरथरत होती. तो बोटांकडे बघत राहिला. चुकलेली पावती यंत्रातून बाहेर येऊन लोंबत होती.

खणात ताईने भरून दिलेली पत्र्याची डबी होती. तिच्यात तेरा पुड्या.

त्याने एक उघडली. एक दाणा तोंडात टाकला आणि चावायला लागला. गिळवत नव्हता, तरी चावला. तो संपल्यावर दुसरा घेतला. ट्रक काट्यावर उभाच होता. मागे आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या, त्यातली एक मिशीवाल्याची. कुणीतरी भोंगा वाजवला.

मिशीवाला खाली उतरून तावातावाने केबिनच्या खिडकीशी आला. आत त्याला काटेवाला दिसला, पुढ्यात उलगडलेला कागद, डोळ्यांतून पाणी, आणि जबडा सावकाश हलतोय. तो आल्या पावली मागे वळला आणि रांगेतल्या गाड्यांना हात करून म्हणाला, "इंजिन बंद करा रे. पंधरा मिनिटं लागतील."