ओढ्यावरचं पाणमांजर आणि खराटा

विज्ञानाच्या बाईंना मुलं पाठीमागे 'घाईबाई' म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. फळ्यावर प्रश्न लिहून होईपर्यंत त्याचं उत्तरही त्याच सांगून मोकळ्या होत.

यंदा त्यांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. सातवीच्या मुलांनी शाळेमागच्या ओढ्यावरचे प्राणी नोंदवायचे. बगळे झाले, खेकडे झाले, आणि एका सकाळी, ठसे मिळावेत म्हणून मुलांनी काठावर अंथरलेल्या ओल्या वाळूत पंजे उमटले. पाच बोटं, मध्ये पडदा. पाणमांजर! बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला.

"घरचं मांजर दुधासाठी ओरडतंय, आणि तू ओढ्यातल्याच्या मागे," नवरा म्हणाला.

पण प्रकरण थट्टेचं नव्हतं. ओढा पाइपात घालून वरून रस्ता काढायचं ठरलं होतं. पाणमांजर असल्याची खूण वनखात्याच्या साहेबांनी स्वतः पाहिली, तरच काम थांबणार होतं. मुलांचे फोटो त्यांना पुरेसे नव्हते.

साहेब आले. रात्रीतून नवे पंजे उमटल्याचं मुलांनी सकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे बाईंनी साहेबांना जवळजवळ ओढतच काठावर नेलं. बघतात तर वाळू चकाचक. शेजारी वर्गाची मॉनिटर खराटा घेऊन उभी.

"पाहुणे येणार म्हणून झाडून घेतलं, बाई. तुम्हीच सांगता ना."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रागवायचं तरी कोणत्या तोंडानं? शिकवण त्यांचीच होती. साहेब घड्याळ बघू लागले.

"सगळंच झाडलंस?" बाईंनी विचारलं.

"सगळं. त्या दगडावरची घाण तेवढी ठेवली," मुलगी नाक मुरडत म्हणाली. "शी, तिला कोण हात लावणार? मासळीसारखा वास मारतेय."

साहेब निघता निघता थांबले. दगडापाशी गुडघे टेकून त्यांनी ती काळपट विष्ठा काडीनं उकलली आणि चक्क हुंगली. आत माशांचे खवले चमकत होते, खेकड्याच्या कवचाचे तुकडेही होते.

"ताजी आहे. पाणमांजराचीच," ते म्हणाले. "काम थांबवायला एवढं पुरे."

मुलांनी एकच गिल्ला केला. वास घ्यायला दगडापाशी ढकलाढकली सुरू झाली. मॉनिटर तेवढी खराटा पाठीमागे लपवून उभी होती.

"बाई, हे असंच राहू द्यायचं ना?"

"त्या दगडाला कुणी खराटा लावला तर गाठ माझ्याशी आहे," बाई म्हणाल्या, आणि तिला जवळ घेऊन हसता हसता डोळे पुसू लागल्या.