सासूची तालीम

मला बघायला आलते तवा बाकीच्यांनी सैपाक येतो का, कोयता धरता येतो का, ते इचारलं. माझी व्हणारी सासू मातर मागून आली आन् माझी मान दाबून बघितली, बैलाची बघतेत तशी. मनली, "मान बरी हाय पोरीची. पडली तर मोडायची न्हाई." माझी माय घाबरली. म्या बी.

सासूला आमी आत्या मनायचो. तिचा बाप नांदूरघाटाकडं वस्ताद व्हता. पोरीला तालमीत कोण घेतंय? पर घरी भावांना डाव करून बघायला कुणीतरी लागायचं, तर हिलाच धरून आपटायचे. आत्या मनायची, "भावांनी कुस्त्या जिकल्या, म्या पडायला शिकले. पडायला आलं की निम्मं भ्या जातं." घरी पाव्हणा आला की त्याचं मनगट धरायची आन् मनायची, सोडव बरं. सुटलं न्हाई तर चहा उशिरा.

माझे मालक, आत्याचा लेक, पेले की हात उचलायचे. एका साली आत्यासंगं ऊसतोडीला गेलतो तवा लाकडानं माझं बोट मोडलं. पंधरा दिस एका हातानं मोळ्या बांधल्या. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतेत. माझा हात गेला तर निम्मा कोयता, आन् निम्म्या कोयत्याला टोळीत कोण ठिवतंय?

बोट जुळलं. मालक उसाच्या गाडीसंगं कारखान्यात गेलते. आत्यानं मला वावरात नेलं, उसाच्या वाळल्या पाचटावर उभं केलं आन् मनली, मार मला. सासूला कशी मारू? तर तिनंच एक थापड दिली. मग म्या मूठ उगारली. मूठ पोचायच्या आधी ती येऊन मला चिकटली. दोनी हात माझ्या काखंतून मागं, डोकं माझ्या गळ्याखाली. माझी मूठ नुसती तिच्या पाठीमागं हालायली. मग तिनं पायात पाय घातला आन् म्या पाचटात.

"माराला जागा लागती, कौसे," आत्या मनली. "पळायला वाट आसंल तर तळहात नाकावर हाण आन् पळ. मूठ न्हाई, बोटं मोडत्यात. कोपीत कुठं पळशील? तितं चिकटायचं."

आमची कोपी म्हंजी चटईची झोपडी, नीट उभं ऱ्हायला बी येत नव्हतं.

म्या इचारलं, तुमच्याच लेकावर डाव शिकवायलाव का? तर मनली, "त्याचं बी हाड मोडायचं न्हाई, मनून तर कुस्ती शिकवायले. ठोसा शिकवला असता तर एकाचं तरी फुटलं असतं."

शेजारच्या बाया हसायच्या, सासवासुना रोज भांडायल्यात मनून. मग त्यातल्या दोघी बी येऊन पडून गेल्या.

माझी नात आता नेकनूरहून बशीनं बीडला बॉक्सिंग शिकायला जाती. ती मनती, आज्जी, लांबून हाणायचं. म्या मनते, वाट मोकळी आसंल तर तुझं खरं, कोपीत आत्याचं खरं. आत्या जाऊन पाच वर्सं झाली, न्हाईतर दोघींची जुंपली असती.

तर तालीम सुरू झाल्यावर आठ दिसांनी मालक दुपारीच पिऊन कोपीत आले. आत्या चुलीपाशी भाकरी थापायली. मालकानं हात उचलला. माझे पाय मागं जायले, लई दिसांची सवय. पर म्या फुडं झाले, चिकटले, पायात पाय घातला. दोघं बी खाली, म्या वर.

"माय, हिला सांग," मालक वरडले.

आत्यानं भाकर पलटली. "तिला म्याच सांगितलंय. कौसे, भार दे."

म्या भार दिला. मालकानं शिव्या दिल्या, मग नुसता दम टाकायले, मग गप झाले. आत्यानं इचारलं, पुन्हा हात उचलशील का दगड्या? त्यांनी तोंड फिरवलं. आत्या मनली, सोडू नको आजून. दोन भाकरी व्हईस्तोवर म्या तशीच ऱ्हायले. मग हात उचलणार न्हाई आसं त्यांच्या तोंडून आलं तवा उठले.

फुडं येकदा आजून उचलला. पुन्हा खाली गेले. मग कधीच न्हाई.

पर त्या पयल्या दिशी आत्या जेवली न्हाई. लेकाच्या पाठीला तेल चोळत बसली. डोळ्याला पदर लावून मनली, "माझं लेकरू पाडलंस ग."

सकाळी पाण्याला जाताना आत्या घागर डोईवर सारखी करत मनली, "काल डावा पाय लई मागं ठिवलतास. दुसरा कुणी आसता तर निसटला आसता."