काळं सूत बांधून खेळलेला सामना

सांगलीहून ठाण्यापर्यंत मी झोपेतच आलो. खाडीचा पूल ओलांडला तेव्हा जाग आली. काल्हेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भातशेती आणि मध्येच गोदामांच्या नव्याकोऱ्या भिंती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी शाळेत खेळाचा मास्तर आणि हौशी कबड्डी पंच. भिवंडीच्या स्पर्धेचं बोलावणं आलं आणि बायकोसाठी चादरी आणायचं कबूल करून निघालो.

भिवंडी आधी कानांना भेटते. कामतघरला रिक्षातून उतरलो तर घराघरांतून मागांची खटखट, जमीनही हलतेय असं वाटावं. आयोजक मेहबूबभाई जॉबर (माग दुरुस्त करणारे मिस्त्री) न्यायला आले होते. ते काय बोलताहेत ते मला अर्धंच ऐकू येत होतं. "सर, दो दिन में आदत पडेल," ते हसून ओरडले. "नंतर गावी गेल्यावर झोप नाही लागणार!"

दुपारी त्यांच्या शेजाऱ्यांकडे तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी) खाल्ला. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागून घेतला.

संध्याकाळी अंतिम सामना होता, शेलार विरुद्ध काल्हेर, दोन्ही जवळचीच गावं. शिफ्ट सुटलेले कामगार पत्र्यांवरही चढून बसले होते. प्रमुख पाहुणे म्हणून पोलीस खात्यातले एक साहेब हार घालून मंचावर बसले होते.

शेलारचा संघ आला, पण सहाच जण. प्रत्येकाच्या दंडाला काळं सूत बांधलेलं. मी शिट्टी तोंडात धरली आणि ते सहाही जण मध्यरेषेवर मांडी घालून बसले.

"हे काय?" मी विचारलं.

कर्णधार भास्कर म्हणाला, "सर, नाक्यावर आमचा टेम्पो अडवला. कुठल्यातरी कारखान्यातनं कापडाचे तागे गेलेत म्हणे. हवालदारानं विचारलं, कुठल्या वस्तीचे? बौद्धवाडी म्हटल्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. आमचा सिद्धार्थ म्हणाला, चोरीचं विचारा, वस्ती कशाला विचारता? तर त्यालाच चौकीत नेलं. तो येईपर्यंत उठणार नाही."

बातमी पसरली तसा गलका झाला. "खेळायचं तर खेळा, नाहीतर घरी जा!" एकजण ओरडला. पत्र्यावरून उत्तर आलं, "बैठने दो भाई, सही बैठे हैं!" शिट्ट्या, हशा, शिव्या, सगळं एकदमच.

साहेब उठले. "खेळात हे असलं आणू नका," ते म्हणाले.

भास्कर बसूनच म्हणाला, "साहेब, आम्ही न्हाय आणलं. आम्ही खेळायलाच येत होतो."

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. नियमानं मी काल्हेरला विजयी घोषित करू शकत होतो. तेवढ्यात काल्हेरचा कर्णधार हिरामण पुढं आला. "पंच, आमाला फुकटचा कप नको हाय. सातांशीच खेलू," असं म्हणून तो भास्करच्या शेजारी बसला. मागोमाग त्याचा सगळा संघ. पत्रे असे वाजले की पाच मिनिटं माग ऐकू आले नाहीत!

साहेबांनी गळ्यातला हार काढून ठेवला आणि जीप पाठवली.

सिद्धार्थ जीपमधूनच आला. टेलिफोन खात्यातला लाइनमन, उंच, सडसडीत. भास्करनं त्याच्याही दंडाला सूत बांधलं. मंचावरून निरोप आला, सूत काढून खेळा. मी नियम मनात आठवून पाहिले. धातू चालत नाही, तेल चालत नाही. सुताचं कुठंच काही नव्हतं. "सुतानं कुणाला लागत नाही," मी म्हणालो आणि शिट्टी वाजवली.

सामना असा झाला की मीच दोनदा टाळी वाजवता वाजवता थांबलो. शेवटच्या चढाईत सिद्धार्थला हिरामणनं कमरेत पकडलं आणि शेलार एका गुणानं हरलं. आधी "घरी जा" म्हणणारा माणूसच सिद्धार्थला खांद्यावर घ्यायला धावला. काहीजण मात्र कुरकुरतच गेले. उपविजेत्यांचं बक्षीस घेताना सिद्धार्थनं विचारलं, "साहेब, त्या हवालदाराला सांगाल ना?" साहेब म्हणाले, "सांगतो."

सकाळी चादरींचं गाठोडं घेऊन मी सिद्धार्थच्या स्कूटरवर मागे बसलो. तो मला ठाण्याच्या गाडीपर्यंत सोडणार होता. नाक्यावर हवालदारानं हात केला. सिद्धार्थनं स्कूटर थांबवली.

"एका गुणानं गेलास म्हणे," हवालदार जरा ओशाळून हसला. "पुढच्या वर्षी बघू. जा."

सिद्धार्थही हसला. घरी आल्यावर मी ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली आणि सगळे खूश झाले. एक गोष्ट फक्त बायकोला सांगितली. हवालदार तोंड उघडायच्या आधीच सिद्धार्थनं खिशातलं ओळखपत्र काढून हातात धरलं होतं. माझं ओळखपत्र गाठोड्यात तळाशी कुठंतरी होतं, आणि ते काढावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.