आबांनी मरण मागितलं तेव्हा

"कुणी शिकवलं रे तुला हे? पोरानंच ना?"

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर आबांना विचारत होते. दार सताड उघडं. बाहेर बाकावरची माणसं ऐकत होती. आबा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेले. डॉक्टर माझ्याहूनही लहान.

एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. आबांना घशाचा कॅन्सर होता. उपाय नाही, हे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घोटभर पाणी गिळायचं तरी ते खाटेची कड घट्ट धरायचे. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, एक सुई द्या. झोपू द्या मला. परत उठवू नका."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मेंढरंवाले ना तुम्ही? जनावर नडलं की मुरगाळली मान. जमीन किती आहे रे म्हाताऱ्याच्या नावावर?"

बाकावर कुणीतरी हसलं. आबांनी पटका सारखा केला.

"घेऊन जा याला. पुन्हा आणलंस तर पोलिसांत कळवीन."

दुखण्याची गोळीही दिली नाही.

एसटीत आबा खिडकीला टेकून बसले. सुपं गाव जवळ आल्यावर म्हणाले, "मी मागितलं ते चुकलं का रं?"

"न्हाय, आबा."

"आपुन कवा मेंढरू वाटंत टाकलंय का?"

नव्हतं टाकलं. लहानपणी मी कळपामागं चाललोय. चालता न येणारी मेंढी आबा घोंगडीत घेऊन खांद्यावर टाकायचे. ती जगणार नाही हे त्यांना कळायचं. तरी पुढच्या मुक्कामापर्यंत न्यायचे. "मरायचं तर कळपात मरंल," म्हणायचे. "वाटंत टाकलं तर कोल्हं जितंच फाडतं."

तेव्हा मला कळलं, डॉक्टरांनी आमचं काय केलं होतं. आबांना वाटेत टाकलं होतं.

इंदापूरला ओळखीचे एक वकील होते. त्यांना विचारलं.

"सुई देऊन मारलं तर डॉक्टर गुन्हेगार. रोग्यानं हात जोडून मागितलं तरी. तो नाही म्हणाला, ते बरोबरच."

"आन् दुखणं कमी करायचं?"

"त्याला कायद्यानं कुठं अडवलंय? कामच आहे ते त्याचं."

मी पुन्हा बारामतीला गेलो. एकटाच. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसलो. आधी कधी बसलो नव्हतो, उभाच राहायचो.

"बाहेर थांब," ते म्हणाले.

"थांबत न्हाय. मरण मागाया आलो न्हाय. ते तुमी देऊ शकत न्हाय, कळलं. दुखणं थांबवाया कुणी बंदी केलीय?"

"आवाज खाली."

"त्या दिवशी दार उघडं होतं, साहेब. आजबी ऱ्हाऊ द्या."

बाकावर कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी पुण्याच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. दुखणं दाबणारं जोराचं औषध तिथंच मिळायचं. वर न बघता ती माझ्याकडे सरकवली.

औषधानं आबांचं दुखणं कमी झालं. थांबलं नाही. ते गेले तेव्हा मी रडलो नाही. अजूनही रडू येत नाही. आबांनी मागितलं ते बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

पण आता आमच्या वस्तीवरचं कुणी असं दुखणं घेऊन दवाखान्यात निघालं की मी सोबत जातो. आधी रोग्याला खुर्चीत बसवतो. बाहेरच्यांनाही ऐकू जावं म्हणून दार लावू देत नाही. माणूस वेदनेनं मरण मागतो तेव्हा त्याला हाकलायचं नसतं, हे डॉक्टरांच्या तोंडावर सांगतो. आणि औषध नाहीतर चिठ्ठी हातात पडेपर्यंत हलत नाही. पोलीस बोलवायचे तर बोलवा.