फाउंड्रीचा गडी आणि नळाचा पहिला नंबर

लग्नाच्या नवऱ्याखेरीज आणखी एक गडी माझ्या नावावर होता, असं मी म्हटलं की आमच्या सुना एकमेकींकडे बघतात. बघू देत. होता म्हणजे होता. कंपनीच्या फाउंड्री खात्यातला, कबड्डी खेळणारा, ज्याच्या चढाईचं नाव अख्ख्या पिंपरीत होतं असा. आणि त्या बिचाऱ्याला हे आजतागायत माहीत नाही.

पण आधी नळाचं सांगते, कारण सगळं नळापासून सुरू झालं.

आमच्या खोल्या एका ओळीत होत्या, वर पत्रे, आणि ओळीच्या तोंडाशी एकच नळ. पाणी यायचं पहाटे, पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत, आणि उजाडेपर्यंत जायचंसुद्धा. भरायचा क्रम खोल्यांप्रमाणे. पहिल्या खोलीत फाउंड्रीचे मिस्त्री राहायचे, त्यांच्या बायकोला सगळ्या वहिनी म्हणायच्या. शेवटच्या खोलीत आम्ही. माझा हंडा नळाखाली जाईपर्यंत नळ नुसता फुसफुसायचा. मग हंडा कमरेवर घ्यायचा आणि रूळ ओलांडून कासारवाडीच्या बाजूच्या विहिरीवर जायचं. एरवी त्याचं काही वाटलं नसतं, मी साताऱ्याकडची, पाणी ओढायची सवय होती. पण त्या थंडीत मला पहिल्या खेपेचे दिवस होते. पोट पुढे आलेलं आणि विहिरीचे दगड ओले. हे दुसऱ्या शिफ्टला असले की सकाळी पाणी आणायचे. पहिली शिफ्ट लागली की मी एकटी.

एकदा धीर करून म्हटलं, "वहिनी, नंबर जरा फिरते ठेवू या का?"

वहिनी हसल्या. "खोल्या फिरवता येतात का गं? मग नंबर कसे फिरतील?"

त्यांचं वागणं तसं प्रेमळ होतं हो. हाताला चव होती, घरी कुणी गेलं की खाल्ल्याशिवाय सोडायच्या नाहीत. फक्त नळाचं नाव काढलं की दुसरीच बाई बोलायला लागायची.

दर थंडीत कंपनीत खात्याखात्यांची कबड्डी व्हायची. फाउंड्री, पेंट शॉप, मशीन शॉप, स्टोअर, सगळ्यांचे संघ. पहिली शिफ्ट सुटली की तासा-दीड तासानं सामना. मैदान आमच्या खोल्यांच्या मागेच, फक्कीनं आखलेलं. बायकांनी मैदानाशी जायची पद्धत नव्हती, म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसायचो. तांदूळ निवडायचे आणि बघायचं. वरून तर जास्त चांगलं दिसायचं.

त्या वर्षी सामने सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नळावरून पुन्हा वाजलं. माझ्या शेजारच्या खोलीत एका गॅरेजवाल्या मेकॅनिकची बायको होती, वयानं सगळ्यांत मोठी, आम्ही तिला खाला म्हणायचो. खालानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "रोजची कटकट बंद करा. एकेकीनं एकेक गडी घ्या. जिचा गडी सगळ्यांत जास्त गुण आणेल, वर्षभर पहिला नंबर तिचा."

सगळ्या वहिनींकडे बघायला लागल्या. चिपळूणकडची एक होती मधल्या खोलीत, जिभेची तिखट. ती म्हणाली, "राहू दे गो खाला, वहिनी घाबरल्या."

"मी? घाबरू? मिस्त्रींची बायको मी!" वहिनी म्हणाल्या. झालं, अडकल्या.

नियम खालाचे. गडी चिठ्ठीनं मिळणार. प्रत्येकीचा एक तुपाचा रिकामा डबा, तो खालाच्या घरी राहणार. गड्यानं गडी बाद केला, चढाईत किंवा पकडीत, की खाला सगळ्यांसमोर त्या डब्यात एक चिंचोका टाकणार. आणि कुणाला आपला गडी नकोसा झाला तर दुसरीशी अदलाबदल करता येईल, पण एकदाच, शेवटच्या सामन्याच्या आत, आणि दोघींनी नळाला हात लावून. नळाला हात लावला की मागे फिरायचं नाही. आधी जमलेले चिंचोके मात्र जिचे तिच्याच डब्यात राहणार. आणखी एक, पुरुषांना घरात काय सांगायचं ते सांगा, पण खेळणाऱ्यांच्या कानावर जायला नको.

चिठ्ठी उचलली आणि माझ्या हाताला फाउंड्रीचा तो हुकमी गडी लागला! बायका ओरडल्याच. मागच्या वर्षी त्यानं एका चढाईत अर्धा संघ बसवला होता. वहिनींना मिळाला पेंट शॉपचा कोपऱ्यातला गडी. शांत माणूस, चढाईला जायचा नाही, पण रोज दोन-तीन पाय धरणार म्हणजे धरणार. दूधवाल्यासारखा नेमाचा. वहिनी म्हणाल्या, "असू दे, असू दे," पण चिठ्ठी त्यांनी चुरगळली ते मी पाहिलं.

मी मनात पहिल्या नंबरावर हंडा मांडूनसुद्धा टाकला.

आणि मग काय झालं, तर काहीच झालं नाही. पहिल्या सामन्यात माझा गडी चढाईला गेला तो रमतगमत. पाय उचलतच नव्हता. रिकाम्या हातानं परत. पुन्हा गेला, धरला गेला. दुसऱ्या सामन्यात तेच. तोंडानं कबड्डी-कबड्डी चालू, पण अंग जड, दोन चढायांत घामानं निथळलेला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. फाउंड्री बाकीच्यांच्या जोरावर जिंकत होती, पण मिस्त्री मैदानाच्या कडेला उभे राहून कपाळावर हात मारून घ्यायचे.

"काय गो," चिपळूणची म्हणाली, "तुझा गडी चढाईला जातो का देवदर्शनाला? हात जोडून परत येतो तो."

हसले मी, पण डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डब्याचा तळसुद्धा झाकला नव्हता आणि वहिनींचा डबा वाजवला की भरल्यासारखा वाजायचा.

साखळीतला शेवटचा सामना झाला. फाउंड्री आणि पेंट शॉप, दोघांची गाठ शनिवारी. त्या दिवशी कट्ट्यावरून उतरताना वहिनींनी माझा हात धरला, पायरी नीट उतरवून दिली आणि म्हणाल्या, "अगं, तुझी अवस्था बघवत नाही. तू माझा गडी घे, मी तुझा घेते. वर म्हणशील तर बाळंतपण होईपर्यंत तिसरा नंबर तुला. पहिला मला मिळाला तरी तुझा तिसरा कुठे जात नाही. उद्या सकाळी नळाला हात लावू."

आता सांगा, कुणी नाही म्हणेल? तिसरा नंबर म्हणजे हंडा, कळशी, बादली, सगळं भरून वर चूळ भरायला पाणी. विहीर नाही, ओले दगड नाहीत. सगळ्याजणी मला म्हणाल्या, घेऊन टाक. नावाचा गडी काय चाटायचाय? चिपळूणची म्हणाली, "मागच्या वर्षीचं नाव हंड्यात ओतून पाणी होतं का?" एकटी खाला गप्प होती. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "गडी तुझा, पोट तुझं. मी पंच आहे, मला विचारू नको."

घरी आले. हे त्या आठवड्यात पहिल्या शिफ्टला होते, सामना बघून नुकतेच आले होते. त्यांना सगळं सांगितलं. "देऊन टाक," हे म्हणाले. "माझ्याच खात्यातला आहे, मला वाईट वाटतं, पण त्याच्यात आता ते राहिलं नाही. तिसरा नंबर पक्का मिळतोय, सोडू नको."

मी पण मनानं देऊनच टाकला होता. ताट वाढलं. हे म्हणाले, "मला नको, पोट भरलंय."

"कुठे भरलं?"

"सामन्याच्या आधी. पुरणपोळी खाल्ली."

माझा हात परातीतच राहिला. "कुणाची पुरणपोळी?"

"वहिनींची. अगं, केवढं मन त्या बाईचं! दर सामन्याच्या दिवशी शिफ्ट सुटली की तुझ्या त्या गड्यासाठी डबा येतो म्हणे. पोळ्या, वर तुपाची धार, कटाची आमटी. आणि निरोप, डबा रिकामा परत आला पाहिजे. मी बाजूला बसलो होतो, तर त्यानं मला एक दिली. तो खेडेगावातला माणूस, मिस्त्रींच्या घरचं अन्न टाकतोय होय? पुसून खातो."

"आणि मग खेळायला उतरतो?"

"हो, मग..." हे बोलायचे थांबले.

"नाही, वहिनी काही मुद्दाम नाही करायच्या," हे म्हणाले.

"मुद्दाम की मायेनं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण एवढ्या पोळ्या पोटात घेऊन तुम्ही तरी सायकल चालवाल का?"

तरी ठरत नव्हतं हो. एका बाजूला तिसरा नंबर, हातात आलेला. दुसऱ्या बाजूला एकच सामना उरलेला, डबा जवळजवळ रिकामा. पोळीशिवाय तो पळेल हे तरी कशावरून? कदाचित खरंच संपला असेल. तसं असतं तर मी कळा येईपर्यंत विहिरीवरच.

पहाटे नळावर गेले. रांग लागलेली, खाला मधोमध उभी. वहिनींनी आधीच नळावर हात ठेवलेला होता. म्हणाल्या, "ये गं, लाव हात. पाणी यायच्या आत उरकू."

मी हात पुढे केला. आणि त्यांची ती घाई दिसली. ज्या बाईला माझी कीव आली होती, तिला एवढी कसली घाई? संपलेला गडी घ्यायला कुणी पहाटे नळ धरून उभं राहतं का? मी हात पदरात घेतला.

"नको वहिनी. माझा गडी माझ्याकडेच राहू दे."

"पस्तावशील!"

"पस्तावले तर विहीर आहेच की."

चिपळूणचीनं कपाळाला हात लावला. खाला मात्र तोंडाला पदर लावून खोकली, आणि तो खोकला नव्हता.

आता शनिवार. त्याला डबा नाकारायला सांगण्यात अर्थ नव्हता, तो नाकारणारच नाही. म्हणून मी यांना कामाला लावलं. "तुम्ही त्याच्या शेजारी बसायचं आणि खायचं."

"किती?"

"सगळ्या. कटाच्या आमटीसकट."

यांचा चेहरा असा उजळला की लग्नातसुद्धा नव्हता उजळला. गेले, बसले आणि त्याला म्हणाले, "भाऊ, काय सांगू, बायकोचे डोहाळे मलाच लागलेत. गोड दिसलं की राहवत नाही." तो हसून लोटपोट झाला आणि अख्खा डबा यांच्याकडे सरकवला. डबा पुसून रिकामा परत गेला, आणि वहिनी समाधानानं कट्ट्यावर येऊन बसल्या.

मग माझा गडी उतरला. पहिल्या चढाईलाच मला कळलं. पाय जमिनीला लागत नव्हते! गेला, एकाच्या खांद्याला टिचकी मारली आणि परत. पुन्हा गेला, दोन बसवले. खालाच्या ओच्यात चिंचोके होते, ती टाकता टाकता थकली. कट्ट्यावर तांदूळ कुणी निवडतच नव्हतं. वहिनी आधी म्हणाल्या, "आज जरा बरा दिसतोय." मग सरकत सरकत कट्ट्याच्या कडेला येऊन बसल्या.

पण वहिनींचा गडीही नेमाचा. त्याच्या दोन पकडी झाल्याच. बाकीच्यांचे डबे केव्हाच मागे पडले होते; खेळ संपत आला तेव्हा खालानं आम्हा दोघींचे डबे मोजले आणि सांगितलं, माझ्यात तीन कमी. शेवटची चढाई माझ्या गड्याची.

तो आत शिरला. एकानं कंबर धरली, दुसऱ्यानं हात, तिसरा पाठीवर. तिघं अंगावर, आणि हा रेषेकडे सरपटतोय, दम न सोडता, कबड्डी-कबड्डी-कबड्डी. तिघांना घेऊन पोचला तर बरोबरी. आणि बरोबरीत खाला पुन्हा चिठ्ठ्या टाकणार, हे ठरलेलं. वहिनी उभ्या राहून ओरडल्या, "धर रे, धर त्याला!" आणि त्यांचा तो शांत माणूस, जन्मात कोपरा न सोडणारा, झेपावला आणि त्यानं घोटा धरला. त्याच क्षणाला माझ्या गड्याची बोटं रेषेपलीकडे टेकली. चौघंही बाद!

मी पोटाला धरून उभी राहिले आणि ओरडले. कधी नव्हे ते, परक्या पुरुषांसमोर, पदर कुठे ते न बघता. चिपळूणची माझ्या गळ्यात पडली. खालानं चार चिंचोके एकेक करून टाकले, मुद्दाम वाजवत. चौथा वहिनींच्या गड्यामुळे मिळालेला, तो तिनं वर धरून सगळ्यांना दाखवला. खाली मिस्त्री नाचत होते, आणि आमचे हे टाकीला टेकून घोरत होते. एवढ्या गलक्यात डोळे उघडले नाहीत. मी हलवलं तर म्हणाले, "सुटली का शिफ्ट?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नळाशी पहिली. मागे वहिनी. नळ आला तो भरदार, त्याची अशी धार मी त्या ओळीत कधी बघितलीच नव्हती. हंडा भरला, कळशी भरली, बादली, घंगाळ, दोन पातेली, तांब्या.

"झालं का गं?" वहिनी म्हणाल्या.

"एवढे पेले राहिलेत."

त्या कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनाच हसू फुटलं. "मेली, पोळ्या कुणी खाल्ल्या ते सांग."

"आमच्या ह्यांनी. मीठ जरा कमी होतं म्हणाले."

"पुरणपोळीत कसलं गं मीठ?"

"कटाच्या आमटीत हो."

सगळी रांग हसत होती. मी सावकाश पेले भरले, एकेक करून. मग वाटी धुतली आणि तीही भरून घेतली.