बोटीवर टाकलेला रुमाल

तुम्ही कधी समुद्रातली बोट भर दुपारी वाळूत रुतवून चाळीस माणसांना ताटकळत ठेवलंय का? मी ठेवलंय. तेही बोटीला हात न लावता! हसू नका, आधी चहा घ्या. सगळं ऐकून झाल्यावर काय शिव्या घालायच्या त्या घाला, मी मान खाली घालून ऐकून घेईन.

झालं काय, की मी अंदमानला गेलो. साखरखेर्ड्याचा माणूस मी, सगळी नोकरी विजेच्या खांबावर काढलेली. लाइनमन होतो ना! पोहण्याचं म्हणाल तर विहिरीत वाकून पाहिलं तरी मला गरगरतं. खांबावर कधी गरगरलं नाही, पण ते असो.

चहाच्या टपरीवर आमच्या देविदासला बेत सांगितला, तर त्यानं कप खाली ठेवला.

"काऊन बे? खारं पाणी पाहाले इतक्या दूर? आपलं लोणार आटलं का?"

"लोणारात बेटं नाहीत ना."

"मंग बेटावर जाऊन काय करशीन?"

"एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाईन."

"अन् मंग?"

"मंग तिसऱ्या."

"म्हणजे साखरखेर्डा, सुलतानपूर, लोणार. हेच ना? फक्त पाण्यातून!"

खरं कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं. तुम्हाला सांगतो.

आमच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर आहे. चिखलीच्या एका बियाण्याच्या दुकानातून कधीकाळी फुकट मिळालेलं. वर चित्र, खाली महिने. महिने केव्हाच फाटून गेले, चित्र राहिलं. नारळाची झाडं, पांढरी वाळू आणि बेटाच्या पोटात शिरलेलं निळं पाणी. त्याला लगून म्हणतात, हे मला नंतर कळलं. आमच्या घरचीनं ते काही काढू दिलं नाही. भाकरी थापता थापता ती विचारायची, "पाणी खरंच असं निळं राह्यते का हो? का छापणाऱ्यानं रंग जास्त टाकला?"

मी म्हणायचो, "रिटायर झालो की जाऊन पाहू ना."

तिनं त्याच्यासाठी हिरवी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती, मोराच्या काठाची. घडी मोडली नाही कधी. म्हणायची, समुद्रावर मोडीन. मी रिटायर झालो, पण त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली.

मग काही दिवसांनी मनात आलं, की आपण तर जाऊन पाहू, पाणी निळं आहे का ते. एका सहलवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्यासोबत कोण आहे? डबल शेअरिंग की सिंगल?"

साधा प्रश्न हो! 'एकटाच आहे बाई' एवढं म्हणायचं. पण ते तोंडातून निघेचना. मी फोन कापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "सर, तुमचा फोन कट होतोय का?" म्हटलं, "हाव, आमच्याकडे रेंजच नाही," आणि स्वतःच कापला. गावात टॉवर आमच्या घरामागे आहे, बरं का!

शेवटी ठरवलं, सगळं आपलं आपण करायचं. विमान, खोली, बोटी, सगळं मोबाइलवर. पुण्याहून लेकाचा फोन आला, "बाबा, एकटे कसे जाल?" मी म्हटलं, "एकटा कुठं बे? बोटभर माणसं राह्यतील ना सोबत!" आणि निघालो. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खांद्यावर माझा मोठा चौकड्याचा रुमाल.

आता या रुमालाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ज्यांचा जन्म स्वतःच्या गाडीत गेला त्यांनी नीट ऐका. चिखलीच्या स्टँडवर एसटी लागली, की तिच्या दाराशी मरणाची गर्दी. मग शहाणा माणूस काय करतो? दाराशी जातच नाही. तो खिडकीशी जातो, हात वर करतो आणि रुमाल आतल्या सीटवर टाकतो. झालं, सीट तुमची! जगातलं कोणी त्यावर बसणार नाही. संसारभर आम्ही असाच प्रवास केला. मी पळत पुढं जाऊन दोन जागांवर रुमाल पसरायचा आणि घरचीनं मागून पिशव्या घेऊन यायचं. कोणी विचारलं, "कोणी येणार हाय का भाऊ?" की मी म्हणायचो, "हाव, येऊन राह्यली."

पहिल्या बेटाला जायची बोट लागली आणि मी पळालो. कोणी ढकलत नव्हतं, कोणी पळत नव्हतं, सगळे आपापल्या नंबरानं शांत उभे, आणि मी एकटा म्हातारा धावत सुटलेलो! आत शिरलो, खिडकीची जागा पकडली आणि रुमाल शेजारच्या जागेवर पसरला. हातानंच केलं ते, मी काही ठरवून नाही केलं.

एका बाईनं विचारलं, "भैया, कोई आ रहा है?"

"हाव, आ रही है," मी म्हटलं.

बाई पुढं गेली. बोट सुटली. जागा रिकामी राहिली. मी रुमालावर हात ठेवून बसलो, आणि काय सांगू, बरं वाटलं हो! दुसऱ्या बेटाला जातानाही तेच केलं, या वेळी मात्र ठरवून. बेटावर उतरलो की जिकडं तिकडं जोडपी. कोणी हातात हात घालून, कोणी एकमेकांचे फोटो काढत. मला पाहिलं की माझ्या हातात मोबाइल द्यायचे, "अंकल, एक फोटो प्लीज!" त्या दोन बेटांवर मी इतके फोटो काढले, की लग्नात फोटोवालाही काढत नसेल. माझा मात्र कोणी काढला नाही. मी कोणाला म्हटलंही नाही.

तिसऱ्या बेटावर ते लगून होतं. मी काठावर उभा राहिलो आणि पाहतच राहिलो. अहो, छापणाऱ्यानं रंग कमीच टाकला होता! "पाह्य बरं!" असं मी मोठ्यानं म्हटलं आणि बाजूला वळलो. बाजूला एक खेकडा होता. तोही वाळूत शिरला.

तिथं फार एकटं वाटलं. मग मी परतीच्या बोटीवर सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो आणि रुमाल पसरला. परतीला नाव-यादी काही नव्हती, जी बोट लागेल तिच्यात बसायचं. बोट भरत आली. माझ्या समोर अमरावतीचं एक नवं जोडपं बसलं. पोरीचं नाव श्वेता. माझं बोलणं ऐकून ती खूश झाली, "काका, तुम्ही तर आमच्याकडलेच निंघाले!"

तेवढ्यात बोटवाला आला. दांडगा माणूस, गळ्यात शिट्टी.

"अंकल, ये सीट?"

"आ रही है."

"कौन?"

"हमारे घर से."

"कहाँ हैं? पानी उतर रहा है, जल्दी बुलाओ!"

ओहोटी लागली होती. पाणी उतरायच्या आत बोट त्या लगूनमधून बाहेर काढली नाही, तर ती वाळूत बसते. हे त्यानं मला समजावून सांगितलं, आणि मी काय केलं? हातानं झाडांकडं दाखवलं. कुठल्या झाडांकडं, का, मला विचारू नका! हात वर गेला आणि झाडांकडं वळला.

बोटवाला पाच मिनिटं थांबला. मग श्वेता उठली. "काका, काकू बाथरूमले गेल्या असतीन, मी पाह्यतो." गेली, आणि पळतच आली. "काका, तिथं तं कोणीच नाही!"

झालं! बोटवाल्यानं शिट्टी फुंकली. "एक लेडीज पीछे रह गई!" सगळी बोट खाली उतरली. कोणी झाडीकडं, कोणी खडकांकडं. एक मिशीवाले गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले. मी आपला रुमाल हातात घेऊन उभा. आता सांगावं, आत्ता सांगावं, असं दर क्षणाला वाटत होतं. पण पुन्हा तेच, तोंडातून निघेचना.

"आंटी का नाम क्या है?" बोटवाल्यानं विचारलं.

आता तुम्हीच सांगा, आमच्या पिढीत नवऱ्यानं बायकोचं नाव घेतलंय का कधी? 'ऐकलं का' आणि 'सुनीलची माय', यात आमचं आयुष्य गेलं. नाव एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, तेही दार अडवून धरलं म्हणून.

"पंचफुला," मी हळूच म्हणालो.

"साडी कौन सा रंग?"

"हिरवी. हरा. मोर का काठ."

हे मी कसं बोललो, देवाशपथ मला माहीत नाही.

आणि मग सुरू झालं बघा! त्या किनाऱ्यावर चाळीस माणसं माझ्या बायकोच्या नावानं हाका मारायला लागली. "पंचफुला आंटी!" "पंचफुलाजी!" बोटवाला दोन्ही हात तोंडाशी लावून, "पोंचोफुला दीदी!" श्वेता, "पंचफुला काकू, बोट सुटून राह्यली वं!" आमच्या गावात ती गेल्यापासून तिचं नाव कोणी काढत नाही, मला वाईट वाटेल म्हणून. लेकही काढत नाही. आणि इथं तमिळ, बंगाली, गुजराती, सगळे ते नाव घेत होते. मला ते थांबवावंसं वाटेना. खरं सांगतो, मी ते मुद्दाम चालू दिलं. नालायकपणाच तो!

बोटवाला माझ्याजवळ आला. "अंकल, आप भी आवाज दो! आपकी आवाज पहचानेगी."

मी पाण्याच्या कडेला गेलो. घसा साफ केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला नावानं हाक मारली.

"पंचफुला!"

दोनदा मारली. तिसऱ्या वेळी आवाज फाटला आणि मी मटकन वाळूत बसलो.

बोटवाला वायरलेसवर पोलिसांना बोलवायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. "मत बुलाओ. वो नहीं आएगी."

"नहीं आएगी मतलब?"

"गुजर गई वो. दोन वर्षं झाली. मी एकटाच आलो." असं हिंदीत सुरू करून मराठीत संपवलं, आणि रडू आलं.

सगळे थांबले. मिशीवाले गृहस्थ पाण्यातून तसेच ओल्या पँटीनं आले. एक जण म्हणाला, "पागल है क्या?" बरोबरच म्हणाला. श्वेता माझ्यापाशी बसली. पोरीनं डोळे पुसले, मग कपाळाला हात लावला.

"पण काका, काकू नाहीत हे तुमाले माहीत होतं, मंग तुम्ही हाका काऊन मारल्या?"

"सगळेच मारून राह्यले होते माय, म्या एकट्यानं चूप कसं राहावं?"

ती हसायला लागली, मी पण. तेवढ्यात मागून बोटवाल्याची आरोळी आली. आम्ही सगळे वळून पाहतो तर काय, बोट वाळूत मस्त बसलेली! पाणी निघून गेलं होतं. ढकलून पाहिली, ओढून पाहिली, ती काही हलेना.

मग काय, सगळ्यांना तिथंच भरती येईपर्यंत बसावं लागलं. बोटवाल्यानं मला काय काय ऐकवलं, ते त्याच्या भाषेत असल्यामुळं अर्धंच कळलं. मी पिशवीतली भाकरी आणि चटणी काढली, ती एवढ्यांना कुठं पुरते? पण घास घास सगळ्यांनी खाल्ला. वेळ काढायचा म्हणून कोणी विचारलं, "आंटी कैसी थी?" मी कॅलेंडरचं सांगितलं, साडीचं सांगितलं. श्वेतानं माझा फोटो काढला, लगूनसमोर. त्यात मी रुमाल शेजारी धरून उभा आहे, जणू वाळत घातलाय!

पाणी परत आलं तशी बोट हलली. चढताना मी मुद्दाम सगळ्यांच्या मागं राहिलो. आत जाऊन पाहतो तर माझी जागा रिकामी, आणि तिच्या शेजारची पण. मिशीवाले गृहस्थ मात्र दांडा धरून उभे.

"बैठो ना भाऊ," मी म्हटलं.

"नहीं नहीं," ते म्हणाले. "भाभीजी की जगह है."

ओल्या पँटीनं तो माणूस शेवटपर्यंत उभा राहिला. मी सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत आलो, आत पाहायची हिंमत नव्हती.

परत आलो. चिखलीच्या स्टँडवर साखरखेर्ड्याची गाडी लागली आणि तीच गर्दी! मी खिडकीशी धावलो, रुमाल टाकला, मागाहून आत शिरून बसलो. पाहतो तर रुमाल नेहमीसारखाच पडलेला, दोन जागांवर.

एक धिप्पाड बाई आली, डोक्यावर टोपलं. "कोणी येनार हाय का भाऊ?"

मी रुमाल उचलला. मोठा श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "नाही. मी एकटाच हाय. बसा तुम्ही."

समुद्र ओलांडून आल्यासारखं वाटलं हो मला! छाती भरून आली. बाई बसली, टोपलं मांडीवर घेतलं आणि खिडकीतून बाहेर ओरडली, "या वं सगळ्या! या बाबाचं कोणीच नाही येनार, मोकळी जागा हाय!"

तिची जाऊ आली, जावेची लेक आली, लेकीची दोन लेकरं आली. "बाबा, जरा लेकरू बसू द्या," असं म्हणता म्हणता मी आधी सीटच्या कडेला आलो आणि मग उभा राहिलो. बोटीवरच्या त्या मिशीवाल्या गृहस्थांसारखा दांडा धरून!

कंडक्टर तिकीट फाडता फाडता माझ्याजवळ आला. ओळखीचा होता. माझ्याकडं पाहून हळहळला.

"काका, गाडी लागाच्या आधीपासून तुम्ही उभे होते ना? एक जागा धरता आली नाही तुमाले?"

"धरली होती ना," मी म्हटलं. "दोन धरल्या होत्या."